बारावी खुंटी

सप्टेंबरात सोर्वेच्या टोकावर वारा उत्तरेचा असला
की लॅटव्हियाकडे निघालेले रॉबिन पहाटे जाळ्यात येतात,
आणि त्यांच्या मागोमाग
आठवड्याची रजा टाकून आलेली माणसं,
प्रत्येकाच्या खिशात एक पेनड्राइव्ह.

स्टेशनवर युनिक्सचं यंत्र एकच,
स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकवलेलं, तिथे ऊब असते म्हणून.
ते माझ्याकडे आहे. म्हणजे बिघडलं
की सगळे माझ्याकडे बघतात.

आधी कारभार असा होता:
पहिला घुसेल तो बी, नंतरचा सी.
मंगळवारी ऊडोचा बी, गुरुवारी रीगाहून आलेल्या पोरीचा बी,
आणि माझी स्क्रिप्ट
तिच्या भावाच्या लग्नाचे फोटो
घुबडांच्या खात्यात जमा करून मोकळी.

पक्ष्याला असं ओळखतो का आपण,
आला तो पहिला, मागून आला तो दुसरा?
त्याच्या पायात कडं असतं, कड्यावर आकडा.
पेनड्राइव्हच्या पोटातही असतो, लांबलचक,
कुणी पुसून नव्याने मांडेपर्यंत तोच.
रात्री बसून ते सगळे आकडे फाइलीत उतरवले,
एका ओळीत एक,
आणि प्रत्येकासमोर एक रिकामी डिरेक्टरी.

रिकामीच लागते.
रिंगिंगच्या खोलीत बारा खुंट्या आहेत.
जाळ्यातून सोडवलेला पक्षी कापडी पिशवीत, पिशवी खुंटीवर;
अंधारात तो गप्प बसतो,
पिशवी मधूनच हलते.
खुंटीचं स्वतःचं काही नसतं.

पाहुण्यांचे पेनड्राइव्ह फक्त वाचायचे.
त्यातलं काहीही इथे चालवायचं नाही;
का, ते कुरेसारेच्या शाळेतल्या त्या कार्ट्याला विचारा.
ऊडोच्या ओळीत मात्र मी लिहायचीही मुभा दिली.
माझा जन्म व्हायच्या आधीपासून तो इथे कडी घालतोय.

पण तो उपटायचा.
दिवा विझला की झालं, म्हणायचा.
तीन रात्रींची घुबडं अशी गेली,
एकेचाळीस, लांब कानांची, वजनांसकट.
यंत्र लिहिलं म्हणतं
तेव्हा लिहिलेलं नसतंच कधी कधी,
नुसतं हातात धरलेलं असतं.

मी त्याला विचारलं, पक्षी सोडताना काय करतोस?
मूठ उघडतोस, थांबतोस.
त्याला जायचं तेव्हा तो जातो.
फेकतोस का कधी?
ऊडो काही बोलला नाही. कपात चहा ओतला,
माझ्या नाही, त्याच्या.

शनिवारी मात्र कोट चढवून तो यंत्राशी बसला,
सव्वानऊची बस होती,
आणि दोन बोटांनी ती आज्ञा टाइप केली.
कामात आहे, यंत्र म्हणालं.
पुन्हा. कामात आहे.
मी पलीकडे वजनकाट्यावर रॉबिन धरून,
सोळा पूर्णांक दोन, ओरडले:
कुठली तरी फाइल उघडी ठेवली असशील!
त्याने मान हलवली. उठला नाही.
हात मांडीवर ठेवून वाट बघत राहिला.
बस गेली. खिडकीतून दिसते ती.

मग मी यंत्राला विचारलं, कोण धरून बसलंय?
एकच ओळ आली. माझं नाव.
पहाटे चार दहाला उघडलेली खिडकी,
चार खिडक्यांखाली दबलेली,
काही करत नव्हती, वाचत नव्हती, लिहीत नव्हती,
नुसती त्याच्या डिरेक्टरीत उभी.

दोन अक्षरं टाइप केली, म्हणजे: घरी जा.
मग त्याची आज्ञा पुन्हा त्यालाच देऊ दिली.
काही उत्तर आलं नाही.
इथे काम झालं की कुणी बोलत नाही,
नवी ओळ येते, इतकंच.

ऊडोने तरी थोडं थांबून,
चिमटीत धरून, तो हळूच बाहेर काढला.
पुढची बस दीडला.
कोट काढून खुर्चीवर टाकला, खुंट्यांकडे गेला.
बाराव्या खुंटीवरची पिशवी हलत होती.
विर्वे, तो म्हणाला,
हा कधीचा लटकलाय इथे.