मधलं दार

सूर गावात, खाडीच्या अलीकडे,
आमच्या इमारतीला दोन रंग आहेत.
हिरवा भाग आरोग्य खात्याचा, पिवळा बलदियाचा,
मध्ये एक दार, आणि त्याच्या दोन किल्ल्या
दोन वेगळ्या साहेबांच्या खणात.

मुबारक बिन जुमा, वय अंदाजे एक्याण्णव.
मांडीचं हाड जुळलं होतं, साखर ताब्यात होती,
म्हणजे हिरव्याच्या हिशेबी बरा झालेला माणूस.
मुलगा दोह्यात, घराला कुलूप,
म्हणजे पिवळ्याच्या हिशेबी निराधार.
पण निराधाराला नाकातून नळी नसावी
असं पिवळ्याच्या नियमात,
आणि नुसत्या नळीपायी खाट अडवू नये
असं हिरव्याच्या.
अकरा आठवडे त्याचा पलंग
त्या दाराला टेकून होता.

जिशा, मारिसेल आणि मी,
दर दोन तासांनी त्याची कूस बदलायचो.
पावडर कुणाच्या खात्यातली, चादर कुणाची,
सगळं वहीत मांडायचो.
वही माझी, मिरजेच्या बाजारातली,
मागच्या पानावर पाढे छापलेली.

एका रात्री त्यानं विचारलं, कुठली तू?
म्हटलं, हिंद.
हिंद काय बंदर आहे? बंदर सांग.
आता मिरजेला बंदर कुठून आणू?
आजोळच्या बाजूचं सांगितलं, जयगड.
तर हा माणूस, ज्याला सकाळची पेज
दुपारी आठवत नाही,
बोटानं चादरीवर किनारा काढू लागला.
इथे खडक. इथे दिवा, तो उजवीकडे ठेवायचा.
इथे खजूर उतरवला, इथे कौलं भरली,
इथे एकानं मला फणस खायला घातला
आणि दोन दिवस पोट धरून बसलो.
तिथले लोक मला नाखवा म्हणायचे, म्हणाला.
इथे नाखुदा, तिथे नाखवा.
एक अक्षर वाटेत पाण्यात पडलं, एवढंच.

मग शाबान महिन्यात दोन्ही खात्यांची माणसं आली.
बलदियाच्या बद्रियाबाई मोजपट्टी घेऊन,
आरोग्याचे डॉक्टर फाइल घेऊन.
बसायला जागा नव्हती म्हणून
नाखव्याच्या पलंगाच्या दोन बाजूंना उभे राहून भांडले.
रात्रपाळीचा पगार कुणी द्यायचा?
धुणं कुणाचं?
माणूस गेला तर कागदावर सही कुणाची?
तो दोघांकडे आळीपाळीनं बघत होता,
जणू भाव ठरतोय आणि माल तोच आहे.

बद्रियाबाईंनी माझी वही मागितली.
उभ्या उभ्या वाचली, शेवटपर्यंत.
नऊशे चोवीस वेळा कूस बदलली, त्या म्हणाल्या,
पण कुठल्या खात्याची कूस, ते लिहिलं नाहीस.
डॉक्टर आधी हसले.
मग त्यांनी खुर्ची मागवली.

ठरलं असं की नर्सा आरोग्याच्या,
छप्पर, जेवण, धुणं बलदियाचं.
बारा खाटांच्या चाळीस होणार,
आणि डोंगराकडच्या वाड्यांवर आठवड्यातून दोनदा गाडी.
सहीचं अजून ठरायचंय.
दार मात्र दुसऱ्याच दिवशी काढलं,
गलबतांच्या कारखान्यातल्या सुतारानं,
बिजागऱ्या खिशात टाकून.
संध्याकाळी नाखवा कुरकुरला,
दार कुठाय? वारा लागतो.
म्हणून आम्ही तिथे चादर बांधली.

शुक्रवारी आईचा फोन.
तिच्याकडे शेजारची पारूबाई येते,
महिन्याला चार हजार मी पाठवते,
तिथे ना हिरवा रंग, ना पिवळा.
कुणाचं करतेस गं सध्या?
एका नाखव्याचं.
त्याला पोरंबाळं नाहीत?
आहे की, मुलगा आहे.
आई जरा थांबली. म्हणाली,
असतात. मलाही आहे.

रात्री दोनला त्याची कूस बदलली.
खाडीपलीकडे अयजाचा दिवा फिरत होता.
नऊशे पंचवीस लिहायला हात गेला,
पण वही आता बलदियाकडे आहे,
आणि तिची प्रत आरोग्य खात्याकडे.