टेकण्याच्या जागा

तिठ्यापासून सड्यावरच्या वाडीपर्यंत
बत्तीस वर्षं टपाल वाटलं,
पण कोणाच्या ओटीवर टेकलो नाही.
पाणी प्यायलो ते उभ्यानं,
मनिऑर्डरीवर अंगठा घेतला तोही उभ्यानं.

आता साठ पावलं झाली
की पोटऱ्यांत शिसं उतरतं,
चपलेतला पाय माझा की दुसऱ्याचा
हे खाली बघून ठरवावं लागतं.

कणकवलीच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली.
मणक्यांतली वाट, म्हणाले, अरुंद झालीय,
नसांना अंग चोरून जावं लागतं.
मला लगेच राणेंची पाणंद आठवली.
दोन्हीकडचे गडगे दर पावसाळ्यात
विताविताने आत सरकलेले,
टपालाची पिशवी घासून घासून तिची शिवण उसवायची.
पाणंद कुणी बुजवली नव्हती,
नुसते चिरे म्हातारे झाले होते.

ऑपरेशन आहे, पण घाई नाही.
रोज उताणं पडून गुडघे छातीशी घ्या,
चाला, बसा, पुन्हा चाला.
लघवीचं भान सुटलं किंवा पाय लुळा पडला
तर त्याच दिवशी या, सकाळची वाट बघू नका.
हे शेवटचं इंदुमतीनं कॅलेंडरवर लिहिलं,
गॅस सिलिंडरच्या तारखेखाली.

गंमत अशी की पाखाडी चढताना दुखत नाही.
माणूस पुढे वाकतो, आत कुठंतरी फट उघडते.
उतरताना ताठ व्हावं लागतं,
आणि ताठ झालो की संपलं.
ताठ मानेनं चाल, असं सांगणारे वडील
हे ऐकायला नाहीत, तेच बरं.

मग एका सकाळी जुनी सायकल काढली.
हँडलवर ओणवा झालो आणि थेट बंदरापर्यंत गेलो,
कळ नाही, मुंग्या नाहीत,
खारा वारा शर्टात भरत होता.
परतताना तिठ्यावर मुराद काझी ओरडला,
"सायकल मारूक जमता, आनी चलाक जमना नाय?"
हसले सगळे. मीही हसलो.
फिल्म काय खिशात घेऊन फिरतो मी?

सड्याच्या वाडीला मात्र सायकल जात नाही.
तिथं चालतच जातो, आणि जिथं पाय सांगतात तिथं बसतो.
पहिली बैठक गावकरांचा गडगा, दुसरी आंब्याचा पार,
तिसरी थेट ताराबाई मेस्त्रीणीची ओटी.
पहिल्यांदा टेकलो तेव्हा ती घाबरली,
हात पुसत बाहेर आली.
"कोणाचा पत्र इला?"
कोणाचं नाही, म्हटलं. पाय दुखतायत.

तिनं तांब्या आणला, आणि लगोलग आतून
एक निळं आंतर्देशीय,
अठ्ठ्याण्णव सालचं, माझ्याच हातानं दिलेलं.
मस्कतहून आलेलं. अजून न फोडलेलं.
वाचून दाखवणार का, म्हणाली,
तेव्हा तुम्ही कधी थांबलाच नाहीत.

पुढे वाकलो.
कळ ओसरत होती.
कडेनं सावकाश फाडलं.