देठ

पथारीवर हजेरी लिहितो मी,
नंदुरबारला, डिसेंबर ते मार्च.
बाकीचं वर्ष विचारू नका.

यंदा एउसेबिया आली,
मेक्सिकोच्या डोंगरातली, मिरचीवर शिकणारी.
दुभाषा शहाद्यात तापाने निजलेला.
राहिलो आम्ही, ती, आणि दोन एकर लाल.

ती शिंकली. आम्ही हसलो. तीही.
मिरची उचलून म्हणाली, 'ञि',
नाकातून.
मोगीबाईने म्हणून पाहिलं तर मान हलवली, नाही.
आवाज उतरला की शब्दच दुसरा होतो म्हणे.
मोगीबाई म्हणाली, मग सासूसारखी आहे ही भाषा,
काय बोलली ते सोड, कुठल्या सुरात ते बघ.

मीही विचारलं, 'तुन्हं गाव कितलं दूर शे?'
प्रमाण मराठी तिला तेवढीच परकी,
मग कशाला उगाच जीभ आवळायची?
चौथीत याच 'शे'साठी
हातावर पट्टी बसली होती.

दुपारी पोराच्या हातात भाजलेलं कणीस दिसलं
आणि ती ओरडलीच, 'देथाँ!'
देठ?
मोगीबाईच्या ओच्यात सकाळपासूनचे देठच होते,
बारा किलो मिरचीचे.
तिने मूठभर काढून दिले.
बाई बघतेय. कणीस. देठ. परत कणीस.
पोराने न सांगता अर्धं मोडून दिलं.

देठ तिने फेकले नाहीत,
रुमालात बांधले.

तिसऱ्या दिवशी दुभाषा आला, सगळं सांगू लागला.
ओतोमी हे दुसऱ्यांनी ठेवलेलं नाव,
ती लोकं स्वतःला ह्ञाह्ञु म्हणतात.
म्हणून तिने माझ्या वहीत पहिलं नाव खोडलं होतं.
मला वाटलं होतं, स्पेलिंग चुकलं.
मोगीबाई देठ खुडत होती,
तिला कोणी विचारलं नाही,
धडगावच्या वर तिच्या बोलीला काय म्हणतात.
मीही नाही. माझ्या वहीत तो रकानाच नाही.

निघाली तेव्हा रेल्वेच्या बांधाला
केकताड दिसलं. रिक्षा थांबवायला लावली.
माझा बाप त्याचे दोर वळायचा, हात सोलून निघायचे.
ती काट्यांच्या कडेकडेने बोट फिरवत
त्याच्याशी काहीतरी बोलली.
एकच शब्द असावा.

आवाज वर गेला की खाली आला,
रिक्षा चालूच होती,
कळलं नाही.