हरकती मागवण्यात येत आहेत

चिमणी त्रेसष्ट फूट. सावलीवरून काढली,
कारण शिडी मिळाली नाही,
आणि टेपचं टोक धरायला आलेला मोरेश्वर
वर चढायला तयार नव्हता.
वर आग्या मोहोळ आहे. तेही वहीत लिहिलं.

बोरखेडीची जिन. उत्तरेची भिंत चोवीस इंच,
चुन्यात गूळ आणि बेलाचा गर, असं गाव म्हणतं.
रेचे केव्हाच भंगारात गेले,
जमिनीत त्यांच्या पायांचे खड्डे तेवढे,
दोन ओळींत चौदा, ओल धरून बसलेले.
एकात बेडूक.
कैचीच्या लोखंडावर कुठल्याशा परदेशी कारखान्याचं नाव,
अर्धंच वाचता आलं.

फॉर्म सात पानी.
रकाना अकरा, 'वास्तूचे महत्त्व'.
त्याला ओळी तीन.

पार्बता टेकाम उंबऱ्यात येऊन बसली तेव्हा
मी खिडक्या मोजत होते.
"थे नोको मोजू बाई. थे खिडकी नाई,
पगाराची जागा हाय.
हात आत घालाचा, पैसे हातात पडाचे.
अंदरच्या मानसाचं तोंड
मी चार सालं पाह्यलंच नाई.
बोटं तेवढी ओळखू ये. एक तुटेल होतं."

वाकून पाहिलं.
दगडाची खालची कड मधोमध खोलगट,
तळव्यासारखी मऊ.
किती मनगटं घासली असतील, किती शनिवार.
पट्टी लावली. सव्वा इंच.

हे सव्वा इंच कुठं लिहू,
नागपूरला फोन करून विचारलं.
साहेब म्हणाले, "झीज ना? मग
'नुकसान' या सदरात टाका."

टाकलं.

पोळ्याच्या आधी चार दिवस अधिसूचना दारावर डकवली.
हरकतींना मुदत दोन महिने.
पहिल्याच आठवड्यात शेळीनं खालची ओळ खाल्ली,
म्हणजे सही, हुद्दा आणि
'आदेशावरून व नावाने' एवढं सगळं.

हरकत एकच आली.
वहीच्या फाडलेल्या पानावर, नातवाच्या अक्षरात,
खाली अंगठा.
'जिन सरकारनं घ्यावी, आमची ना नाही.
पण तारेचं कुंपण घालू नये.
आमची हापशीची वाट आतून जाते.
बाहेरून नाल्याला वळसा पडतो, चिखलात गुडघे दुखतात.
मोहफुलं वाळवायचा ओटा पण तिथंच आहे.
कळावे.'

सुनावणी तहसीलच्या मागच्या खोलीत.
लाइट गेलेली, दार उघडं टाकलेलं.
साहेबांनी विचारलं,
हरकत स्मारकाला आहे की कुंपणाला?
पार्बतानं पदरानं तोंड पुसलं.
"जिन वाटेवर बांधली, बाप्पा.
वाट काही जिनवर नाई बांधली."

टंकलेखकानं लिहिलं, 'अर्जदाराचे म्हणणे ऐकून घेतले.'

आता निळी पाटी आली आहे.
नासधूस केल्यास, मजकूर कोरल्यास, विद्रूप केल्यास
इतका दंड, इतकी कैद.
जिनवाल्या शेठजींचं नाव आहे, त्यात एक काना जास्त.
पाटीच्या खांबाला आताच कुणाची तरी बकरी बांधलेली.

शेवटचा नकाशा माझ्या हातचा.
पूर्वेची रेघ ओढत आले,
पगाराच्या त्या जागेच्या थोडं अलीकडे पेन उचललं,
आणि साडेतीन फूट पुढं टेकवलं.
डोक्यावर हंडा, काखेत कळशी
घेतलेली बाई किती रुंद असते
हे मी मोजून घेतलं नव्हतं. अंदाजानं धरलं.

"ही रेघ मध्ये तुटली काहून?" साहेबांनी विचारलं.
सव्वीस वर्षं नागपुरात काढूनही
त्यांचं काहून गेलेलं नाही.
"मूळ रचना आहे सर," मी म्हटलं.
त्यांनी चष्मा वर केला, माझ्याकडे पाहिलं,
सही केली.

ठेकेदार नकाशा बघतो की
सरळ खड्डे खणत सुटतो, कोण जाणे.
माघात एकदा जाऊन येईन.
टेप बरोबर नेईन.