दोन पानांत, दुहेरी अंतर सोडून

तुम्हाला कायदा का शिकायचा आहे?
दोन पानांत लिहा, दुहेरी अंतर सोडून.
मी अंतर आधी सोडलं.
मग तीन आठवडे त्यात काही बसेना.

मार्चमधला शुक्रवार. मिल्वॉकीचं तळं अजून
काठाशी कुरकुरतंय, बर्फाचे पापुद्रे एकमेकांवर घासत.
पार्किंगचे पैसे वाचवायला गाडी चार गल्ल्या अलीकडे लावली,
थोडं चालावं, थोडं परतही फिरता यावं म्हणून.
दारात गळ्यात अडकवायला पट्टी मिळाली:
काझिमिर व्होल्नियाक, भावी विद्यार्थी.
अडतीस वर्षांत मला कुणी भावी म्हटलं नव्हतं.

बाकीचे बावीस-तेवीसचे. त्यांचे बूट कोरडे.
एकीबरोबर वडील आलेले; ते आकडे विचारत होते.
फिरवून दाखवणारी इमोजीन, दुसऱ्या वर्षाची,
आमच्याकडे तोंड करून उलटी चालायची,
पायऱ्या कुठे येतात ते तिच्या टाचांना पाठ.
हे वाचनालय. ही न्यायदेवता,
परीक्षेआधी हिचं नाक चोळतात.
नाक लखलखीत. बाकी सगळी काळवंडलेली.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात.
मी अकरा वर्षं चढतोय, पगारासाठी.
शेरीफच्या खात्यात, घरं रिकामी करवणाऱ्या पथकात.
आज रजा टाकलीय. कारण: वैयक्तिक.
माझ्या हातात आदेश असतो, मागे कुलूपवाला,
त्याच्या मागे हमाल, त्यांना पुढचं घर असतं.
दार मी तीनदा ठोकतो.
कधी पाचदा. नियमात तीनच आहे.

नमुन्याच्या तासाला हॅथवेबाईंनी पानभर खटला वाटला:
भाडेकरू, मालक, बदललेलं कुलूप,
फुटपाथवर काढलेलं सामान, त्यात एक भिजलेला पियानो.
भरपाई कुणी द्यायची?
हात वर झाले. करार. पूर्वसूचना. हलगर्जीपणा.
पोरं हुशार आहेत, खरंच,
वाक्यं तोंडातून इस्त्री होऊन येतात.
माझा हात खालीच होता. बाईंनी पट्टी वाचली.

मी म्हणालो, पियानो शेवटी निघतो.
कुणाला कळेना.
म्हटलं, जड सामान हमाल शेवटी काढतात.
म्हणजे त्याआधी दोन तास होते,
आणि दोन तास कुणीतरी तिथे उभं होतं, घड्याळ बघत,
आभाळही बघत.
या पानावर तो नाही.

मागे कुणीतरी चिप्सची पिशवी फोडली.
“तो नसणं, हा मुद्दा आहे का?” बाईंनी विचारलं.
मला ठाऊक नाही, मी म्हणालो.
त्यांनी फळ्यावर एक रिकामा चौकोन काढला
आणि पुढच्या मुलाकडे वळल्या.

जेवणानंतर तळघर. इथे विद्यार्थी फुकट सल्ला देतात.
प्लास्टिकच्या खुर्च्या, एक बाई, मांडीवर झोपलेलं पोर,
हातात नोटीस.
चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी.
आमच्यात बाकी सगळे दोनच लावतात.
मीच चार लावतो, वाऱ्यानं उडू नये म्हणून;
त्याला मी आजवर चांगुलपणा समजत होतो.
तिनं माझ्या पट्टीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
“तुम्ही वकील का?”
गणवेश नसला की माझा चेहरा कुणाला आठवत नाही.
नाही, म्हणालो. आणखी काही म्हणायचं होतं.
इमोजीन उलट्या पावलांनी जिना चढायला लागली होती.

गाडीच्या काचेवर दंडाची पावती.
चार गल्ल्यांची बचत गेली.
हजारो दारांवर मी कागद लावले,
आणि कागदाची मागची बाजू पहिल्यांदा वाचली ती ही,
मोटारीत बसून, हीटर लावून:
हरकत कुठे घ्यायची, किती दिवसांत, कुणाकडे.
अक्षर बारीक. चष्मा पुसावा लागला.

मग तिथेच, समासात, अंतर न सोडता लिहिलं:
दार मी तीनदा ठोकतो.