पेन्सिलीने

महीच्या काठाची भिंत
खुरप्याने तासतोय सकाळपासून.
चिकणमातीच्या पोटात वाळूची जीभ,
वर निघालेली, अर्ध्यात थांबलेली.

पूर असता तर वाळू वरून बसली असती,
जाडी खाली, बारीक वर, शिस्तीत.
ही खालून उसळलीय.
वहीत लिहिलं: धक्का.

नावाडी भीखाभाई वाकून बघतात.
"साहेब, म्हशीचा पाय रुतला तरी
चिखल असाच वर येतो."

खोडरबर बडोद्यात राहिलं,
फतेगंजच्या टेबलावर.

मग दोघंही शोधत गेलो.
चार हातांवर दुसरी जीभ.
ओहोळापलीकडे, त्याच थरात, तिसरी.
एवढी म्हैस नसते, मी म्हणालो.

भीखाभाई पाण्याकडे बघत राहिले.
"त्या दिवशी काठावर कोण होतं,
ते नाही का निघत यात?"