माहुडी

वनखात्याच्या पाटीवरचं इंग्रजी नाव
पालेसानं मोठ्यानं वाचलं : माहुडी.
तिच्या भाषेत ल पुढे ई आली
की ल चा ड होतो म्हणे.
म्हणजे दोन महिने ती मला हर्षाडी म्हणत होती
ते चुकून नव्हतं.

लेसोथोहून आलेली. नकाशात शोधला मी तो देश,
दुसऱ्या एका देशाच्या पोटात,
शर्टाच्या गुंडीएवढा.
ती म्हणाली, आमची सगळ्यात खोल दरीसुद्धा
तुझ्या या डोंगरापेक्षा उंच आहे.
बढाई नव्हती,
घरचा पत्ता सांगावा तसं.
शहापुरात उतरल्यापासून वाटतंय
विहिरीच्या तळाशी राहतेय.
तुमची हवा फार जाड आहे.

आमचं काम रक्ताचं.
डोळखांब, किन्हवली, खर्डी, आणि मधले सगळे पाडे.
बायकांच्या बोटाला सुई टोचायची,
थेंब पट्टीवर, आकडा वहीत.
साडेआठ. सात. सहा पूर्णांक नऊ, पुन्हा पोटुशी.
नावं पालेसा लिहायची,
नुकतीच शिकलेली बाराखडी, अक्षर न् अक्षर
रांगोळीसारखं जपून.
मी ओरडायची :
गोळ्या डब्यामागे लपवू नका गं, खा.

तो रविवार. माघ सरत आलेला,
ओढ्यात नुसते गोटे,
पळसाला तुरळक लाल.
पहिल्या सोंडेवरच माझा श्वास आत यायचा
आणि काही न ठेवता निघून जायचा.
ती पुढे, हात पाठीमागे बांधून,
बाजाराला निघाल्यासारखी.
मी दर वळणावर काहीतरी दाखवायला थांबते :
तो बघ वजीर.
तो नवरा, ती नवरी, आणि तो सुळका भटजी.
लग्न कधीचं खोळंबलंय,
मुहूर्त काही येत नाही.
ती हसली. पुढच्या वळणावर पुन्हा नवरा दाखवला
तेव्हा हसली नाही.
म्हणाली, लग्न पाहून झालं. आता नखं दाखव.

माझा हात उलटा करून पाहिला तिनं,
मग अंगठ्यानं खालची पापणी ओढली,
शेकडो बायकांची ओढली तशीच.
आत काय दिसलं ते बोलली नाही.
तुझं किती?
कारवीत काहीतरी सळसळलं, सरडा असेल.
आठ पूर्णांक दोन.
कधीचं?
दिवाळीच्या आधीचं.
वहीत नाही.
नाही.

आता ते वाक्य येणार, मला वाटलं,
डब्यामागे लपवू नका गं, खा.
तिला पाठ होतं ते, माझ्याच मराठीत,
माझ्या हेलासकट.
ती बोलली नाही.
पिशवीतून गूळ-शेंगदाणे काढले,
एका दगडाच्या सावलीत बसवलं मला
आणि शेवटचा दाणा संपेपर्यंत
दुसरीकडे बघत राहिली.

शिडीपर्यंत गेलो. कसे, ते पायांना विचारा.
लोखंड तापलेलं.
मी म्हटलं, तू जा, मी इथे आहे.
ती चढली, वरच्या दांडीवरून डोकावली,
आणि तिथूनच परत उतरली.
काय आहे वर?
म्हणाली, शिडी संपते.

उतरताना मात्र घसाऱ्यावर
डोंगरात जन्मलेली ती तीनदा बसली,
आणि तिच्या शिव्या
सगळ्या ड नं भरलेल्या वाटल्या मला.

सोमवारी वही उघडली.
सुई तिच्या हातात, बोट माझं.
सात पूर्णांक नऊ.
दोघीही काही बोललो नाही.
तिनं नाव लिहिलं, वय लिहिलं, आकडा लिहिला.

चैत्रात ती गेली. वही ठाण्याला गेली.
जेठाच्या उकाड्यात तिथल्या कारकुनाचा फोन :
मॅडम, यादीत एक नाव जुळत नाही,
ही हर्षाडी कोण? कुठल्या पाड्याची?
मी पाण्याबरोबर गोळी गिळत होते.
गिळून झाल्यावर म्हटलं,
माहुडीची.